चार तास बसवेल अशी दुर्बीण

दुर्बीण घ्यायला निघालेल्या माणसाला सगळे भिंगांबद्दल सांगतात, मानेबद्दल कुणी सांगत नाही. माझ्याकडे आजवर तीन दुर्बिणी झाल्या. पहिल्या दोन मी डोळ्यांवर विसंबून घेतल्या, तिसरी मानेला विचारून घेतली. आता कुणी विचारलं तर मी तासभर सांगू शकते, पण कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी लॅबमध्ये होते. सोलापुरातल्या एका लहानशा खाजगी लॅबमध्ये तेहतीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं. सुरुवातीला आमच्याकडे एकाच डोळ्यानं बघायचा मायक्रोस्कोप होता. दोन्ही डोळे उघडे ठेवून डाव्यानं बघायचं असं शिकवलेलं, पण मला ते कधी साधलं नाही. मी उजवा डोळा मिटूनच बघायचे. पुढं दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप आला, तरी उजवा डोळा आपला मिटायचाच. काचेवर पसरलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि लिहायच्या, एवढंच काम. मोजताना मनात आकडे यायचे ते कानडीत, ओंदू, येरडू, मूरु, नाल्कू, कारण आई अक्कलकोटकडची आणि मोजायला मला तिनंच शिकवलं.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता. दिसलं तेवढंच लिहायचं, आणि शंका आली तर दुसरी स्लाइड करायची. या नियमावर माझी सगळी ऐट होती. रिपोर्टवर माझी सही असली की डॉक्टर न बघता पुढं पाठवायचे आणि मला ते कळायचं. नंतर मोजणारं मशीन आलं, माझी निवृत्ती झाली आणि वर्षाच्या आत आई गेली.

लग्न मी केलं नाही. त्याची कारणं सांगण्यासारखी नाहीत आणि लपवण्यासारखीही नाहीत. जुळे सोलापूर भागात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, त्यात आई आणि मी होतो, आता मी आहे. आई गेल्यावर घरात कानडी बोलायला कुणी राहिलं नाही. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या मी अजून कानडीत मोजते. भाची बंगळुरूहून फोन करते, ‘मावशी, जेवलीस का’ विचारते आणि उत्तर येईपर्यंत तिला दुसरा फोन येतो. तिच्यावर राग नाही. माझ्या उत्तरात तरी काय असणार होतं?

मला एकटेपणा खायला उठायचा तो सकाळी. संध्याकाळ कशीही जाते, पण सकाळी सात वाजता सगळं आवरून झालेलं असतं आणि पुढं अख्खा दिवस पडलेला असतो. म्हणून मी कंबर तलावावर फिरायला जायला लागले. फिरणाऱ्या लोकांचा मला मनस्वी कंटाळा आहे. एकमेकांच्या साखरेचे आकडे ओरडून सांगत चालतात. पण तिथं एक चार-पाच जणांचा गट दिसायचा, गळ्यात दुर्बिणी अडकवून गप्प उभा राहणारा. एका निवृत्त प्राध्यापकांनी तो जमवला होता. सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचे. मी दोन-तीन दिवस शेजारी जाऊन उभी राहिले, तेव्हा सरांनी आपली दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “बघा मॅडम, पाणकणसात काय बसलंय ते.”

एक खंड्या बसला होता. त्याच्या निळ्या रंगानं मी हबकून गेले. मी त्याच्याकडे नीट बघायला लागणार, एवढ्यात सरांचा हात पुढं आला. मिनिटभरसुद्धा झालं नसेल. त्यांचं चुकलं नव्हतं. दुर्बीण कुणी मिनिटभरापेक्षा जास्त देत नाही, देणाऱ्यालाही बघायचंच असतं. पण मला कळलं की मला मिनिटभर बघायचं नाहीये. मला तासन्‌तास बघायचं होतं, मायक्रोस्कोपवर बघायचे तसं, कुणी हात पुढं न करता.

पहिली दुर्बीण मी गड्ड्याच्या यात्रेत घेतली. पाळण्यांच्या पलीकडे खेळण्यांच्या दुकानात ती टांगलेली होती, पुढची भिंगं हिरवीगार. तिच्यातून चिमणीसुद्धा पोपट दिसायची आणि पंधरा मिनिटांत कपाळ ठणकायला लागायचं. गटातल्या एका बाईंनी ती हातात घेतली, आणि डोळ्यांना न लावताच परत दिली. मला त्यांचा राग आला, पण त्याच आठवड्यात मी ती दुर्बीण शेजाऱ्यांच्या नातवाला देऊन टाकली.

दुसरी मी ऑनलाइन मागवली, आणि तिथं लॅबनं मला दगा दिला. लॅबमध्ये कसं असतं, चाळीसच्या भिंगात नीट दिसलं नाही की शंभरचं लावायचं. मोठा आकडा म्हणजे चांगलं, हे माझ्या हाडात भिनलेलं. सगळ्यांकडे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण होती. मी वीसपट घेतली. सर म्हणाले, “जड पडेल हं मॅडम.” मी म्हटलं, “बघू.” मला कुणी सल्ला दिला की मी हटकून ‘बघू’ म्हणते.

ती दुर्बीण म्हणजे गळ्यात बांधलेला वरवंटा होता. उचलून डोळ्यांना लावली की हात थरथरायचे आणि हातांची थरथर वीसपट होऊन दिसायची. चष्मा लावून बघावं तर मध्ये एवढंसं भोक दिसायचं आणि बाकी काळोख. चष्मा काढावा तर कागदावर लिहिताना परत घाला, परत काढा. माझे डोळे जवळजवळ आहेत, तिच्या दोन नळ्या तेवढ्या जवळ येतच नव्हत्या, त्यामुळं दोन गोल दिसायचे आणि एकात एक बसायचे नाहीत. मग मी माझा जुना उपाय करायचे. उजवा डोळा मिटायचे. रात्री मानेला तेल लावताना स्वतःला शिव्या द्यायचे, पण सर सांगत होते ते बरोबर होतं हे कबूल करायला मी तयार नव्हते.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात गटानं पक्ष्यांची मोजणी ठेवली. बार्शी रस्त्याला एका गावाचा मोठा माळ आहे. एके काळी तिथं माळढोक असायचा. माळढोक म्हणजे गवतात उंच मान काढून चालणारा, कमरेएवढा उंच पक्षी. सरांनी तरुणपणी तिथं कितीदा तरी पाहिलेला. कित्येक वर्षांत त्या माळावर तो कुणाला दिसला नव्हता, तरी मोजणीच्या कागदावर त्याची ओळ सगळ्यांत वर असायची आणि सगळ्यांचं तिथं शून्य असायचं. प्रत्येकाला एकेक जागा वाटून दिली होती. मला टेकाडावरचं पत्र्याचं खोपटं मिळालं. सात ते अकरा, चार तास एकटीनं बसायचं, दिसेल ते मोजायचं.

साडेआठपर्यंत मी ठीक होते. नंतर मान गेली, मग खांदे गेले. दहा वाजता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उठून जावं असं दहादा वाटलं, पण खाली गाडीपाशी जाऊन ‘मला जमलं नाही’ म्हणायचं कुणी? अकराच्या सुमाराला माळावरची हवा तापते आणि लांबचं सगळं हलतं, पाण्यातून बघितल्यासारखं. मी शेवटचं एकदा समोरच्या उतारावरून दुर्बीण फिरवली, आणि ती दिसली.

पिवळ्या गवतात तपकिरी अंग. त्यावर सरळ उभी पांढरी मान. डोक्यावर काळी टोपी. पुस्तकात मादीचं चित्र असतं तशी मादी. मी श्वास धरून ठेवला, कारण श्वास घेतला की दुर्बीण हलत होती. उजवा डोळा कधी मिटला ते कळलं नाही, डावा पाण्यानं भरलेला. बराच वेळ ती हलली नाही. मग एकदम तिनं मान खाली घातली आणि गवतात दिसेनाशी झाली. मनात आकडा आला, ओंदू. मी कागदावर लिहिलं, माळढोक, मादी, एक. वेळ लिहिली. मान खाली घालून गवतात गेली, असंही लिहिलं, आणि खाली सही केली.

गाडीपाशी सरांनी माझा कागद वाचला आणि चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत राहिले. गटातल्या एकानं विचारलं, “नक्की ना मॅडम?” मी काही बोलायच्या आत सरच म्हणाले, “मॅडम लॅबच्या आहेत. त्यांनी एक लिहिलंय म्हणजे एकच असणार.” 

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत गजबजलेलं वर्ष होतं. स्थानिक पेपरमध्ये छोटी बातमी आली. शाल आणि नारळ मिळाला. ज्या बिल्डिंगमध्ये मला फक्त पाण्याच्या टँकरच्या दिवशी हाक मारायचे, तिथं लोक जिन्यात थांबून विचारायला लागले. आणि गट रविवारी माझ्याकडे जमायला लागला. मी सहा कपांचा नवा संच आणला. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवायचे, सर नकाशा पसरायचे, ती कुठून आली असेल, कुठं गेली असेल यावर वाद चालायचा. दुपारी सगळे गेले की मी कप धुवायचे, आणि कप धुताना गुणगुणायचे. आईच्या माघारी मी पहिल्यांदाच गुणगुणत होते.

पण कप धुतानाच एक गोष्ट मनात यायची. लॅबमध्ये असते तर मी ती स्लाइड तशी पुढं पाठवली असती का? थकलेला एक डोळा, त्यात पाणी, हलणारी हवा. मी दुसरी स्लाइड केली असती. गट लगेचच्या रविवारीही माळावर जाऊन आला होता आणि नंतरही जात राहिला, पण दहा वाजले की सगळ्यांना नाश्ता आठवायचा. ती परत कुणाला दिसली नाही. सर म्हणायचे, “आहे, आहे. मॅडमनी पाहिलीय.” प्रत्येक वेळी ते हे म्हणाले की मी उठून चहा टाकायचे.

म्हणून मी तिसरी दुर्बीण शोधायला निघाले. सगळ्यांना सांगितलं, मान दुखते. ते खरंच होतं. पण खरं हेही होतं की मला ती परत बघायची होती, दोन्ही डोळ्यांनी.

नवी पेठेतल्या चष्म्याच्या दुकानात दोन दुर्बिणी होत्या. दुकानदार म्हणाला, “आक्का, चष्मा काढून बगा की.” मी म्हटलं, चष्मा काढून बघणारी नको, चष्म्यासकट घरात घेणारी हवी. तो हसला आणि म्हणाला, तसली हितं मिळायची न्हाय, पुण्याला जावा. मग पुण्याला गेले. तिथल्या मोठ्या दुकानात मी म्हटलं, “मला एक खुर्ची द्या आणि प्रत्येक दुर्बिणीमागं अर्धा तास द्या.” दुकानातल्या मुलीला वाटलं असेल, म्हातारीला ऊन लागलंय. पण तिनं खुर्ची दिली, दाराबाहेर फूटपाथवर. समोरच्या इमारतीच्या टाकीवर पारवे होते. मी त्यांच्याकडे दोन तास बघितलं.

चौथी दुर्बीण हातात आली तेव्हा मुलगी स्वतः बाहेर आली. तिनं डोळ्यांपाशीच्या रबरी वाट्या खाली दाबल्या, म्हणाली, चष्मा असेल तर या नेहमी खाली ठेवायच्या. मधली बिजागरी मिटवून नळ्या माझ्या डोळ्यांइतक्या जवळ आणल्या. पट्टा काढला आणि दोन्ही खांद्यांवरून पाठीवर जाणारा दुसरा लावला, वजन मानेवरून उतरलं. मग म्हणाली, “आता उजवा डोळा झाका आणि मधलं चाक फिरवून नीट करा. झालं? आता डावा झाका, आणि उजवीकडची ही कडी फिरवा.” उजव्या डोळ्यानं एकट्यानं बघायची मला सवय नव्हती. मी कडी फिरवत गेले आणि टाकीवरच्या पारव्याच्या मानेवरचं जांभळं, हिरवं एकदम उजळलं. मग दोन्ही डोळे उघडले. दोन गोल नव्हते. एकच होता, मोठा, कडेपर्यंत स्वच्छ, आणि तो हलत नव्हता. मला रडू आलं. तेहतीस वर्षं मी अर्ध्याच नजरेनं बघत होते की काय, असं वाटलं. मुलगी म्हणाली, “ही आठपटच आहे हं, मोठी दाखवू?” मी म्हटलं, नको.

परतीच्या गाडीत धीर निघाला नाही. कुर्डुवाडीला गाडी थांबली तेव्हा खिडकीतून मी फलाटाच्या टोकाला दुर्बीण लावली. एक बाई बाकावर एकटी बसून डबा उघडत होती. घास घेण्याआधी तिनं आजूबाजूला बघितलं, कुणाला तरी ‘या जेवायला’ म्हणायचं असावं तसं. कुणी नव्हतं. तिनं खायला सुरुवात केली. मी तिच्या समोर बसल्यासारखी होते आणि तिला पत्ता नव्हता. गाडी हलली तेव्हा मला उगाच अपराधी वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात मोजणी आली. मी तेच खोपटं मागून घेतलं. सातला बसले ते साडेदहापर्यंत मला आठवणही झाली नाही की माझ्या हातात काही आहे. चंडोल मोजले. धाविक मोजले, ते पळतात आणि थांबतात, परत पळतात. एक भोवत्या, म्हणजे घिरट्या घालणारा शिकारी पक्षी, गवताला पोट लावून उडत होता, त्याचं तोंड वळलेलं मला दिसलं. मला वाटलं, हेच हवं होतं, एवढंच. आज तीही दिसेल आणि मग माझ्या मनात काही राहणार नाही.

अकराला ती दिसली. त्याच उतारावर. तपकिरी अंग, पांढरी मान, काळी टोपी.  ती आहे, मी खोटी नाही, असं मी मोठ्यानं म्हणाले. मग दोन्ही डोळ्यांनी शांतपणे बघत राहिले, कारण आता बघवत होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मान फार सरळ होती. वाऱ्यानं अंगाचा एक कोपरा उचलला गेला आणि परत पडला. पिसं अशी उचलली जात नाहीत. मग बाजूच्या बाभळीच्या सावलीतून एक हात आला, त्यानं टोपी काढून खाली ठेवली, आणि मान हळूच खाली घेतली.

मी खोपटातून उतरले आणि चालत गेले. वीस मिनिटं लागली. पटका बांधलेला एक म्हातारा धनगर बाभळीखाली बसला होता, पलीकडच्या ओघळीत मेंढरं. जमिनीत काठी रोवलेली. तिच्या बुडाशी पाण्याचा कॅन, पाणी गार राहावं म्हणून त्याच्यावर तपकिरी घोंगडी टाकलेली. काठीला वर भाकरीचं लांबट पांढरं गाठोडं बांधायचं, म्हणजे मुंग्या लागत नाहीत, आणि काठीच्या टोकावर चहाचं काळं झालेलं भगुलं पालथं घालायचं. आता गाठोडं त्याच्या मांडीवर सोडलेलं होतं.

“या बाई, बसा,” तो म्हणाला. “भाकर खाता?”

मी बसले. म्हटलं, “मामा, मागच्या वर्षी या दिवसांत तुम्ही इथंच होता का?”

“व्हय की. दरसाल सक्रात झाली की हितंच. ऊन वाढलं की नातेपुत्याकडं जातो, रानात खताला मेंढरं बसवाय.” त्यानं भाकरीवर चटणी घालून माझ्या हातावर ठेवली. “तुमी बी त्या पक्ष्यावाल्यातल्या का? लई येत्यात. पेपरात आलं हुतं म्हनं. कोन दवाखान्यातली बाई हाय, लई हुशार, तिनं माळढोक पायला हितं.”

मी तोडलेला घास परत हातावरच्या भाकरीवर ठेवला.

“मी ल्हान असताना लई हुते,” तो सांगत होता. “मेंढरात यून हुबा ऱ्हायचा. मला वाटलं संपला. पर त्या बाईनं पायला म्हनल्यावर मी बी बगतोय. जेवाय बसलो की रोज बगतो. नातेपुत्याला बी बगत हुतो.”

मला तिथून उठून जाता आलं असतं. तो मला ओळखत नव्हता. पण माणूस वर्षभर माझ्या सहीवर विश्वास ठेवून गवताकडे बघत बसला होता. मी म्हटलं, “मामा, ती बाई मीच. आणि मी पाहिलं ते हे,” आणि काठीकडे बोट केलं.

त्यानं काठीकडे बघितलं. घोंगडीकडे, भगुल्याकडे, मांडीवरच्या गाठोड्याकडे.  मग म्हणाला, “म्हंजी मी माज्याच भाकरीची वाट बगत हुतो व्हय,” आणि हसला. मीही हसले. हसता हसता माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मी ती पुसली नाही.

“ऱ्हाऊ द्या की बाई,” तो म्हणाला. “कुनाला सांगू नगासा. मी बी सांगत न्हाय. न्हाय म्हनन्यापरिस येक हाय म्हनलं तर कुनाचं काय जातंय?”

ते वाक्य ऐकताना मला रविवारचे सहा कप दिसले. खरंच कुणाचं काही जात नव्हतं. मी पट्टा खांद्यांवरून उतरवला आणि दुर्बीण त्याला दिली. वाट्या वर केल्या, कारण त्याला चष्मा नव्हता. नळ्या त्याच्या रुंद चेहऱ्याएवढ्या फाकवल्या आणि उजवीकडची कडी कशी फिरवायची ते दाखवलं. त्यानं फिरवली. माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिला. मिनिट झालं, दहा झाली. मी हात पुढं केला नाही.

“न्हाय,” शेवटी तो म्हणाला आणि दुर्बीण परत दिली. “पर लई ब्येस दिसतं.”

गाडीपाशी मी कागद दिला. सगळ्यांत वरच्या ओळीत शून्य लिहिलं होतं आणि खाली लिहिलं होतं की मागच्या वर्षीची नोंद चुकीची आहे, ती मीच केली होती. काठीचं सगळं सांगितलं. कुणीतरी हसलं आणि थांबलं. सरांनी परत चष्मा काढून पुसला. म्हणाले, “होतं मॅडम असं. सांगितलंत ते बरं केलंत.” ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी एक शब्दही वाकडा काढला नाही. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं.

पुढच्या रविवारी एकाकडे लग्न होतं, त्याच्या पुढच्या रविवारी सरांना बरं नव्हतं. नंतर कारण सांगायला कुणी फोन केला नाही आणि मीही विचारलं नाही. कंबर तलावावर भेटले की सगळे नीट बोलतात. सहातले पाच कप मी वरच्या फळीवर ठेवून दिले.

आता रविवारी मी एकटीच एसटीनं माळावर जाते. ऊन वाढलंय, मेंढरं नातेपुत्याकडं गेली, काठी रोवलेल्या जागी जमिनीत भोक तेवढं आहे. मी खोपटात बसते आणि अकरा वाजता त्या उतारावर दुर्बीण लावते. सगळं लख्ख दिसतं, गवताची काडी न्‌ काडी, आणि तिथं काही नसतं. खोटी का होईना, ती उभी असावी असं मला वाटतं, हे मी लपवत नाही. वहीत वेळ लिहिते आणि पुढं आकडा लिहिते. कानडीत शून्याला सोन्ने म्हणतात. आईनं मोजायला शिकवताना तिथून सुरुवात केली नव्हती.

दुर्बीण मात्र मनासारखी मिळाली. चार तास बसलं तरी मान दुखत नाही, डोळे दुखत नाहीत. दुखलं असतं तर घरी तरी गेले असते.